जपानी-कोरियन टायपिंगसाठी कीबोर्ड कोणता घ्यायचा, पैसे टाकायच्या आधी हे वाचा

"ताई, जपानी कीबोर्ड कुठी भेटते वं? अमरावतीले भेटन का नागपूरले जा लागन?" मावसभावाचा हा फोन आला तेव्हा मी वावरात होते, कापसाची वेचणी चालू होती. त्याला म्हटलं संध्याकाळी बोलते, पण तोपर्यंत काही ऑर्डर करू नको बापू. तो केअरगिव्हरच्या कामासाठी जपानला जायची तयारी करून राहिला आहे, ऑनलाइन क्लास लावला आहे, जपानी भाषेची एन-४ पातळीची परीक्षा द्यायची आहे, आणि क्लासमधल्या कोणीतरी त्याला सांगितलं की जपानी अक्षरं छापलेला कीबोर्ड असल्याशिवाय टायपिंग जमतच नाही. तिकडं माझी भाची बारावीत आहे, ती कोरियन शिकते, तिनं तर अडीच हजाराचा कीबोर्ड निवडून ठेवला होता, फक्त तिच्या बाबांचा होकार यायचा होता. दोघांचेही पैसे वाचले. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते, कारण आपल्याकडची बरीच पोरंपोरी आता या दोन भाषांकडं वळली आहेत आणि दर्यापूर-अंजनगावकडं हे विचारायला माणूस भेटत नाही.

आधी उत्तर देते, मग कारण सांगते. जपानीसाठी नवीन कीबोर्ड लागत नाही, घरात जो साधा इंग्रजी कीबोर्ड आहे तोच चालतो. कोरियनसाठीही तोच चालतो, पण तिथं अक्षरांच्या जागा बोटांना शिकवाव्या लागतात. आणि नवीन घ्यायचाच असेल तर त्यावर कोणती अक्षरं छापली आहेत हे शेवटी पाहायचं, आधी पाहायचं की कोणती बटणं कुठं आहेत आणि केवढी आहेत.

कारण असं आहे की जपानी आणि कोरियन टायपिंग या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत, आणि गंमत म्हणजे मराठी टाइप करणाऱ्याला दोन्ही जाती ओळखीच्या आहेत. मोबाइलवर इंग्रजी अक्षरं दाबून "माझं गाव" उमटवतो ना आपण, स्पेलिंग इंग्रजी आणि अक्षर मराठी, ती झाली जपानी पद्धत. आणि ज्यांनी क्लास लावून इनस्क्रिप्ट शिकलं, म्हणजे के च्या बटणावर क, जे वर र, एच वर प, इंग्रजीशी काही घेणंदेणं नाही, ती झाली कोरियन पद्धत. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

जपानीचं काम कसं चालतं

जपानमधेसुद्धा कॉम्प्युटरवर बहुतेक लोक रोमाजीनंच टाइप करतात, म्हणजे रोमन अक्षरांनी. तुम्ही के आणि ए दाबलं की पडद्यावर हिरागाना लिपीतला "का" येतो. शब्द पूर्ण झाला की स्पेसबार दाबायचा, मग त्याच उच्चाराचे कांजी, म्हणजे चिनी अक्षरांतले, शब्द समोर येतात, त्यातला बरोबरचा निवडायचा आणि एंटर मारायचा. "हाशी" टाइप केलं तर पूल पण येतो, जेवायच्या काड्या पण येतात, कडा-टोक या अर्थाचा पण येतो. निवड तुमची. हे सगळं करणारं जे सॉफ्टवेअर आहे त्याला आयएमई म्हणतात आणि ते विंडोजमधे फुकट आहे. म्हणूनच म्हणते की बटणावर जपानी अक्षर छापलेलं असो की नसो, रोमाजीवाल्याचं त्याच्याकडं लक्षही जात नाही.

बटणावर छापलेली ती जपानी अक्षरं असतात कानापद्धतीसाठी, त्यात एका बटणाला एक काना अक्षर असतं, काना म्हणजे हिरागाना आणि काताकाना या उच्चारानं लिहायच्या दोन जपानी लिप्या. जुने काही लोक तसं टाइप करतात, वेगही चांगला येतो म्हणतात, पण नवीन शिकणाऱ्यानं त्या वाटेला जायचं काही कारण नाही.

रोमाजीत आपण मराठी माणसं कुठं अडकतो ते मात्र सांगून ठेवते, कारण माझा भाऊ इथंच अडकला आणि त्याला वाटलं कीबोर्डच खराब आहे. जपानीतला सुटा "न्" काढायला एन दोनदा दाबायचा. एकदाच दाबून पुढं स्वर टाकला तर तो न त्या स्वराला चिकटतो. "किनेन" म्हणजे स्मरण-स्मारक अशा अर्थाचा शब्द आणि "किन्‌एन" म्हणजे धूम्रपान मनाई, फरक फक्त त्या न् चा. दुसऱ्यासाठी के-आय-एन-एन-ई-एन-एन असं दाबावं लागतं. छोटा "त्सु", म्हणजे आपल्या जोडाक्षरासारखा जो झटका येतो, त्यासाठी पुढचं व्यंजन दोनदा दाबा, बस. बोलताना "वा" म्हणतो तो प्रत्यय टाइप करताना एच-ए असतो, आणि "ओ" म्हणतो तो कर्माचा प्रत्यय डब्ल्यू-ओ. काताकानात लांब स्वराची आडवी रेघ शून्याच्या शेजारच्या वजाबाकीच्या बटणानं येते. शब्द टाइप केल्यावर एंटर मारायच्या आधी एफ-७ दाबलं तर पूर्ण शब्द काताकानात जातो, एफ-६ नं परत हिरागानात, एफ-१० नं इंग्रजीत. ही एफ वाली बटणं लक्षात ठेवा, खरेदीच्या वेळी यांचं काम आहे.

विंडोजमधे चालू करायला सेटिंग उघडा, टाइम अँड लँग्वेजमधे जा, तिथं भाषा जोडायचा पर्याय आहे, जॅपनीज शोधा. आता इथं नीट बघा. एक टिकमार्क विचारतो की हीच भाषा पूर्ण विंडोजची करायची का, त्याला हात लावू नका, नाहीतर सगळा लॅपटॉप जपानीत जाईल आणि परत आणायला कोणाला तरी बोलवावं लागेल. बोलणं ओळखणं, हस्ताक्षर ओळखणं असे जास्तीचे पॅक असतात, त्यांची टिक काढून टाका, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड करणाऱ्याचा डेटा वाचतो. नुसत्या टायपिंगला ते लागत नाहीत. झालं की विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र दाबून भाषा बदलते. जपानी आल्यावर ऑल्ट धरून एस्केपच्या खालचं बटण दाबलं, म्हणजे ते एक आकड्याच्या डावीकडचं ज्यावर वाकडी रेघ असते, की हिरागाना आणि इंग्रजी असं आलटून पालटून होतं. कंट्रोल आणि कॅप्स लॉक दाबलं तरी हिरागाना येतो.

जपानी छापाचा कीबोर्ड, आणि माझा अनुभव

दोन वर्षांआधी मी एक वापरलेला लॅपटॉप घेतला होता. दुकानदार म्हणाला बाहेरून आलेला माल आहे, जपानी अक्षरं आहेत, तुम्ही जपानी शिकता ना, मग तुमच्याच कामाचा आहे. मी खूश झाले. घरी आणला आणि पहिल्याच दिवशी ईमेल टाकता येईना. शिफ्ट आणि दोन दाबलं तर ॲट द रेट यायचं, आणि बटणावर तर तिथं दुहेरी अवतरणचिन्ह छापलेलं, छापलेलं एक आणि उमटणारं दुसरंच. काही बटणं दाबली तरी काहीच येत नव्हतं. स्पेसबार बोटभर. मी दोन आठवडे रोज चिडत होते, शेवटी समजलं की लॅपटॉपमधे काही बिघाड नाही, कीबोर्ड जपानी मापाचा आहे आणि विंडोज त्याला अमेरिकन समजून चालतंय.

जपानचा कीबोर्ड नुसता अक्षरांनी वेगळा नाही, त्याचा सांगाडाच वेगळा आहे. त्याला जेआयएस म्हणतात, जपानच्या मानक संस्थेचा छाप. आपल्या साध्या कीबोर्डला १०४ बटणं असतात, जेआयएसला १०९. जास्तीची बटणं बसवायला जागा पाहिजे ना, ती स्पेसबारमधून काढली. स्पेसबारच्या डावीकडं मुहेनकान म्हणजे कांजीत बदलू नको, उजवीकडं हेनकान म्हणजे बदल, त्याच्या शेजारी हिरागाना-काताकानाचं, आणि वर एक आकड्याच्या डावीकडं हानकाकु-झेनकाकु, ज्यानं जपानी-इंग्रजी बदलतं. ॲट द रेट पी च्या शेजारी गेलं. कंस एकेक घर सरकले, उघडायचा कंस आठवर आणि बंद करायचा नऊवर. एंटर उभं आणि मोठं, बॅकस्पेस छोटं कारण त्याच्या शेजारी येनच्या चिन्हाचं बटण घुसलं.

कोणाकडं असा लॅपटॉप आलाच असेल तर दुरुस्ती आहे. भाषांच्या सेटिंगमधे जॅपनीजच्या आत कीबोर्डचा लेआउट बदलायचा पर्याय असतो, तिथं १०६/१०९ बटणांचा जपानी निवडा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. मग इंग्रजीसुद्धा जपानी आयएमईच्याच इंग्रजी मोडमधे टाइप करा म्हणजे छापलेलं आणि उमटलेलं जुळतं. याच्या उलटं पण होतं बरं का. साधा इंग्रजी कीबोर्ड आहे, जपानी भाषा जोडली आणि शिफ्ट-दोनवर अवतरणचिन्ह यायला लागलं, तर त्याच ठिकाणी जाऊन १०१/१०२ चा इंग्लिश लेआउट निवडा, रीस्टार्ट. भावाचं हेच झालं होतं, फोनवर पाच मिनिटांत सुटलं.

मग जेआयएस कोणी घ्यावा? जपानमधे ऑफिसात बसून कॉम्प्युटरवर काम करायला जाणार असेल त्यानं जायच्या दोन-तीन महिने आधी घेतला तर फायदा आहे, कारण तिथल्या ऑफिसात बहुतेक तोच समोर येतो आणि पहिल्या दिवशी हात अडखळत नाही. केअरगिव्हर, शेती, बांधकाम अशा कामांना जाणाऱ्याला आत्ता नाही लागत. २०१९ च्या एप्रिलपासून जपाननं तोकुतेई गिनो नावाचा जो व्हिसा सुरू केला, ज्याच्यामागं आपली पोरं लागली आहेत, त्यासाठीच्या जेएलपीटीत, म्हणजे त्याच एन-४ वगैरे पातळ्यांच्या जपानी भाषेच्या परीक्षेत, टायपिंग नसतं, गोल काळे करायचे असतात. टायपिंग लागतं ते क्लासचा गृहपाठ, ईमेल, आणि तिथं गेल्यावर रोजच्या नोंदींसाठी, त्याला रोमाजी पुरतं.

कोरियनमधे मात्र बोटं शिकवावी लागतात

इथं रोमन स्पेलिंगचा आधार सोडून द्या. हंगुल लिपी राजा सेजोंगनं १४४३ मधे तयार केली आणि १४४६ मधे लोकांसमोर आणली, आज तिच्यात पायाची १४ व्यंजनं आणि १० स्वर आहेत, आणि ती इतकी शिस्तीची आहे की कीबोर्डवर थेट बसते. आज जो लेआउट चालतो त्याला दुबोलसिक म्हणतात, म्हणजे दोन गटांचा, १९८२ पासून तोच कोरियाचा मानक आहे. इंग्रजीची २६ बटणं घ्या, डाव्या हाताला १४ व्यंजनं, उजव्या हाताला १२ स्वर, हिशोब पूर्ण.

आता इनस्क्रिप्ट आठवा. आपल्याकडं स्वर आणि मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, म, न, व अशी काही खाली डावीकडं सांडतात. कोरियन म्हणजे त्याचा आरसा, व्यंजन डावीकडं, स्वर उजवीकडं, आणि त्यांचाही एक स्वर बी च्या बटणावर सांडला आहे. ज्यांनी मराठी तीसची परीक्षा इनस्क्रिप्टवर काढली त्यांना कोरियन लेआउट पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटतो, हात फक्त अदलाबदल करायचे. मी स्वतः तशी शिकले म्हणून सांगते, मला आठ दिवस लागले न बघता टाइप करायला, रोज अर्धा तास, लाइट असेल तेव्हा.

अक्षरं जुळवायचं काम कॉम्प्युटर आपोआप करतो. डी-के-एस दाबलं की तीन तुकडे मिळून एका चौकोनात "आन" बनतो, एस-यू-डी दाबलं की "न्योंग", झालं "आन्योंग". डी वर जे गोल अक्षर आहे त्याचा सुरुवातीला उच्चार नसतो, शेवटी आला की "ङ" सारखा होतो. कोरियन अक्षर नेहमी व्यंजनानं सुरू होतं, म्हणून नुसता स्वर लिहायचा तरी आधी डी दाबायचा, हे विसरलं तर स्वर एकटाच लोंबकळत राहतो. जोरकस व्यंजनं शिफ्टनं येतात, आणि ती पाचही क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी या वरच्या ओळीत आहेत, वर ओ आणि पी वर शिफ्टनं दोन स्वर. असे २६ आणि ७ मिळून ३३.

टाइप करताना एक प्रकार दिसेल त्याला घाबरू नका. व्यंजन आधीच्या चौकोनात खाली बसतं आणि पुढचा स्वर दाबला की उडी मारून पुढच्या चौकोनात जातं. कोरियात याला दोक्केबी-बुल म्हणतात, म्हणजे भुताचा दिवा, आपल्याकडं रात्री जागलीला गेलेले लोक सांगतात ना की दिवा इथं दिसला आणि तिथं गेला, तसाच. ही उडी ज्यात होत नाही असा तीन गटांचा लेआउट पण आहे, सेबोलसिक. गोंग ब्योंग-उ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं १९४९ मधे तीन गटांचा टाइपरायटर काढला, सुरुवातीचं व्यंजन, स्वर आणि शेवटचं व्यंजन यांची बटणं वेगवेगळी. त्याची आवड असलेले लोक अजून आहेत. शिकायला मात्र दुबोलसिकच घ्या, सगळीकडं तोच भेटतो.

स्टिकरचा प्रश्न भाचीनं लावून धरला होता. बाजारात पारदर्शक स्टिकर भेटतात, शंभर-दोनशे रुपयांत, रंगीत अक्षरांचे. माझं मत स्पष्ट आहे, लावू नका. एक तर उन्हाळ्यात ४५ च्या वर पारा जातो, बोटांना घाम, गोंद नरम पडतो, कडा उचलतात आणि त्यात धूळ चिकटते. दुसरं म्हणजे स्टिकर असला की डोळे खालीच राहतात आणि बोटं शिकतच नाहीत. आमच्या घरी तर एकाच लॅपटॉपवर मराठी, जपानी आणि कोरियन चालतं, त्यावर अजून अक्षरं चिकटवली तर बाबांना सातबाऱ्याचा अर्ज भरताना इंग्रजीसुद्धा दिसणार नाही. त्यापेक्षा लेआउटचा तक्ता मोठ्या अक्षरात झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणा आणि पडद्याच्या खाली किंवा समोरच्या भिंतीवर लावा, नजर वरच राहते. भाचीनं एफ आणि जे वरचे उंचवटे धरून मधली ओळ आधी पक्की केली, तिथं नऊ अक्षरं आहेत, मग वरची, शेवटी खालची.

ज्याला कोरियन छापाचाच घ्यायचा असेल त्याची जपानीसारखी फसगत होत नाही, हेही सांगते. कोरियन कीबोर्डचा सांगाडा आपल्याच कीबोर्डसारखा असतो, फक्त इंग्रजीसोबत हंगुल छापलेलं असतं आणि दोन खास बटणं असतात, हान-योंग ज्यानं कोरियन-इंग्रजी बदलतं आणि हानजा ज्यानं चिनी अक्षरं येतात. साध्या कीबोर्डवर ही दोन कामं स्पेसबारच्या उजवीकडचं ऑल्ट आणि उजवं कंट्रोल करतात. भाषा जोडायची पद्धत जपानीसारखीच. उजव्या ऑल्टनं बदललं नाही तर कोरियनच्या आतल्या सेटिंगमधे कीबोर्डचा प्रकार बदलून शिफ्ट-स्पेसवर नेता येतं.

टोपिकची, म्हणजे कोरियन भाषेच्या परीक्षेची, तयारी करणाऱ्यांसाठी, २०२३ पासून ही परीक्षा कॉम्प्युटरवर द्यायचीही सोय झाली आहे, आणि टोपिक-२ मधे लेखनाचा भाग असतो, तिथं निबंध कीबोर्डनं लिहावा लागतो. त्या वाटेनं जायचं असेल तर टायपिंगचा सराव अभ्यासाचाच भाग समजा, शेवटच्या महिन्यावर ठेवू नका.

दुकानात गेल्यावर काय पाहायचं

नवीन घेणं भागच असेल, लॅपटॉपची बटणं गेली असतील किंवा घरी डेस्कटॉप असेल, तर साधा १०४ बटणांचा वायरवाला घ्या. चारशे ते सातशे रुपयांत चांगला येतो. वायरलेसचे सेल नेमके रविवारी संपतात आणि गावातल्या दुकानात ते मापच नसतं. वायरवाल्याला काही लागत नाही.

आता बटणं बघा. स्पेसबार लांब पाहिजे आणि दोन्ही टोकांना दाबला तरी सारखाच खाली गेला पाहिजे, कारण जपानीत स्पेसबारवर जेवढे घाव पडतात तेवढे इंग्रजीत कधीच पडत नाहीत, प्रत्येक शब्दाला एकदा-दोनदा. एका टोकाला अडकणारा स्पेसबार दुकानातच ठेवून या. उजवं ऑल्ट स्वतंत्र पाहिजे, काही स्वस्त छोट्या कीबोर्डांत त्या जागी एफएन बसवलेलं असतं आणि मग कोरियनवाल्याची रोज पंचाईत होते. उजवं शिफ्ट पूर्ण लांबीचं पाहिजे. यामागं कारण आहे, जोरकस व्यंजनं सगळी डाव्या हाताच्या वरच्या ओळीत आहेत, म्हणजे शिफ्ट उजव्या करंगळीनं दाबायचं, ते तुटकं असलं तर करंगळी शोधत बसते. एस्केपच्या खाली वाकडी रेघवालं बटण आहे की नाही बघा आणि एफ-१ ते एफ-१२ ची ओळ वेगळी आहे का बघा. आजकाल पोरांना ते छोटे, रंगीत लाइटवाले कीबोर्ड आवडतात ज्यात ही वरची ओळच नसते, एफ-७ साठी दोन बटणं दाबावी लागतात आणि ऑल्टसोबतची ती वाकडी रेघ पण एफएनच्या मागं लपलेली असते. गेमला ठीक असेल, जपानीला त्रास.

मेकॅनिकल घ्यावा का, हे पण विचारतात. हात चांगला बसतो हे खरं आहे आणि त्याचं एकेक बटण काढून साफ करता येतं, पण दीड-दोन हजार घालायचे असतील तर आधी सहा महिने साध्यावर सराव करा. आपल्याकडं कापूस घरात भरला की त्याची रुई, सोयाबीन काढणीचा भुसा, सगळं कीबोर्डात जातं. रात्री त्यावर एक धुतलेला दुपट्टा झाकून ठेवा आणि आठवड्यात एकदा उलटा करून जुन्या रंगाच्या ब्रशनं झाडा.

दुकानात जाताना मोबाइल आणि ओटीजी केबल सोबत न्या. कीबोर्ड मोबाइलला लावा, नोट उघडा आणि प्रत्येक बटण दाबून बघा. दुकानदार काही म्हणत नाही.

फक्त मोबाइलच असेल तर

कित्येकांकडं लॅपटॉप नसतोच. मग तीच ओटीजी केबल आणि पाचशेचा कीबोर्ड, एवढ्यावर पूर्ण सराव होतो. कीबोर्ड जोडला की अँड्रॉइडच्या सेटिंगमधे फिजिकल कीबोर्डचा पर्याय दिसायला लागतो, तिथं भाषेचा लेआउट निवडायचा.

आणि नुसत्या बोटानं मोबाइलवर जपानी टाइप करायचं असेल तर क्वर्टी, म्हणजे नेहमीचा इंग्रजी अक्षरांचा कीबोर्ड, सोडून बारा बटणांचा फ्लिक कीबोर्ड शिका, हे मी कळकळीनं सांगते. जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्ड ॲपमधे जॅपनीज जोडताना तो पर्याय येतो. त्यावर बटणं अशी असतात: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. का वर बोट ठेवून नुसतं उचललं तर का, डावीकडं सरकवलं तर की, वर कु, उजवीकडं के, खाली को. वाचून बघा, ही बाराखडी आहे! स्वरांचा क्रम आ, इ, उ, ए, ओ, आपलाच. व्यंजनांचा क्रमही आपलाच आहे, क, मग च च्या जागी सा, मग त, न, मग प च्या जागी हा कारण जुन्या जपानीत तो उच्चार प सारखा होता, मग म, य, र, व. हा योगायोग नाही. बौद्ध भिक्खूंसोबत संस्कृत ग्रंथ आणि त्यांची वर्णमालेची शिस्त चीनमार्गे जपानला गेली आणि तिथल्या काना अक्षरांना हा क्रम मिळाला. आपण विदर्भातली माणसं कामठीचं ड्रॅगन पॅलेस टेम्पल बघायला जातो, ते १९९९ मधे जपानी मदतीतून उभं राहिलं, म्हणजे तिकडून इकडं काहीतरी आलं हे आपल्याला माहीत आहे, पण इकडून तिकडं गेलेली बाराखडी त्यांच्या मोबाइलच्या बटणांवर बसली आहे हे मला कळलं तेव्हा मी किती तरी वेळ ते बटण नुसतं सरकवत बसले होते. ज्याला पाढ्यासारखी बाराखडी पाठ आहे त्याला फ्लिक दोन दिवसांत येतो. वा च्या बटणावर डावीकडं कर्माचा ओ, वर सुटा न् आणि उजवीकडं लांब रेघ असते, तेवढं वेगळं लक्षात ठेवा.

कोरियनमधे मोबाइलला पण दुबोलसिकच ठेवा म्हणजे कॉम्प्युटरवर बोटांना परत शिकवावं लागत नाही. चोनजीइन नावाचा दहा बटणांचा एक प्रकार आहे, त्यात एक ठिपका, एक आडवी रेघ आणि एक उभी रेघ एवढ्यातूनच सगळे स्वर बनवतात, आकाश, जमीन आणि माणूस, फार सुंदर कल्पना आहे, पण कॉम्प्युटरचा लेआउट पक्का झाल्यावरच तिकडं वळा.

सगळं जोडून झालं की नोटपॅड उघडा आणि दोन वाक्यं टाका. जपानीवर जाऊन डब्ल्यू-ए, टी-ए, एस-एच-आय, एच-ए, मग आय-एन-एन-डी-ओ, के-ए-आर-ए, के-आय-एम-ए-एस-एच-आय-टी-ए, स्पेस, एंटर: मी भारतातून आलो. मधला "वा" एच-ए नं आला का बघा. मग विंडोज-स्पेसनं कोरियनवर जा, उजवं ऑल्ट दाबा, आणि डी-के-एस, एस-यू-डी, जी-के, टी-पी, डी-वाय. पाच चौकोन उमटले पाहिजेत, आन-न्योंग-हा-से-यो. चारच आले किंवा एखादा स्वर सुटा पडला तर कुठं तरी डी दाबायचा राहिला आहे.